दान, नोंद आणि न्यास : आपल्या संस्थांपुढील कायद्याचे काही प्रश्न

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा एक लेख कोरलेला आहे. आपल्या शाळेची सहल त्या लेण्यांवर अनेकदा गेली आहे. मुले शिल्पे पाहतात, पायऱ्या मोजतात, डबे उघडतात आणि परत येतात. त्या लेखात काय लिहिले आहे, हे मात्र आपण त्यांना क्वचितच सांगतो.

सुमारे १,९०० वर्षांपूर्वीच्या त्या लेखाचा आशय असा : हे लेणे चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दान दिले आहे. त्यासोबत ३,००० कार्षापणांची 'अक्षयनिवि', म्हणजे कधीही न संपणारी ठेव, दिली आहे. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० कार्षापण दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले आहेत. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत. वाचकांनी हिशेब करून पाहावा. २,००० कार्षापणांचे वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस बारे दोनशे चाळीसच. लेखाच्या शेवटी असे नमूद आहे की, ही सर्व व्यवस्था निगमसभेत जाहीर केली आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदवली.

दात्याचा निश्चित हेतू, हात न लावण्याचे मुद्दल आणि जाहीर नोंद : आजच्या धर्मादाय संस्थांचा कायदा बहुतांशी याच तीन गोष्टींभोवती फिरतो. संस्था अडचणीत येतात त्याही बहुधा यांपैकी एकीचा विसर पडल्यामुळेच.

हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. गेल्या वर्षी विश्वस्त मंडळाने शाळेचे दप्तर लावण्याचे काम आम्हा चार माजी विद्यार्थ्यांकडे सोपविले. कार्यालयातील लोखंडी कपाटातून जे कागद निघाले त्यांनी आमची झोप उडवली. धर्मादाय आयुक्त कार्यालयातील नोंदवहीचा जो उतारा असतो, ज्याला सर्वजण 'शेड्यूल वन' म्हणतात, त्यात विश्वस्त म्हणून नऊ नावे आहेत. त्यांपैकी पाच जण आज हयात नाहीत. प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या सात विश्वस्तांपैकी तिघांची नावे त्या उताऱ्यावर नाहीत. आणि ज्या मैदानावर आपण दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करतो, जिथे आपल्यातील कित्येकांचे गुडघे फुटले, ते मैदान सातबाऱ्यावर अद्याप मूळ दात्याच्या वारसांच्या नावे आहे. आम्ही वकील नाही. परंतु या कागदांमुळे कायदा वाचणे आणि जाणकारांकडून तो समजून घेणे भाग पडले. त्यातले जे शाळेच्या कुटुंबाला माहीत असावे असे वाटले, ते येथे मांडतो.

संस्था कोणाची?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेली होती. पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. शिक्षणाचे काम व्यक्तीच्या नावे न ठेवता नोंदणीकृत संस्थेच्या नावे उभे करावे, हा धडा आपल्याला तिथून मिळालेला आहे. आपली शाळाही त्याच वाटेने उभी राहिली.

१८६० च्या कायद्याखाली किमान सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात मात्र तेवढ्याने भागत नाही. १९५० सालच्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने (आता त्याच्या नावात 'महाराष्ट्र' आहे) धार्मिक वा धर्मादाय हेतूने नोंदवलेली प्रत्येक संस्था ही सार्वजनिक न्यासही ठरवली. म्हणून आपल्या पत्रशीर्षावर दोन नोंदणी क्रमांक असतात. एक संस्थेचा, दुसरा 'एफ' अक्षराने सुरू होणारा न्यासाचा. या दुहेरी नोंदणीचा अर्थ फार थोड्या लोकांच्या लक्षात येतो. पहिल्या कायद्याच्या दृष्टीने कार्यकारिणीतील माणूस सभासदांनी निवडून दिलेला प्रतिनिधी असतो. दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने तो विश्वस्त असतो, म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळणारा. निवडणूक जिंकल्याने संस्थेची मालकी मिळत नाही.

हा कायदा आला तेव्हा धार्मिक न्यासांच्या मनात मोठी धास्ती होती. सरकार उद्या आमची मंदिरे, अग्यारी, विहार ताब्यात घेईल काय, असा प्रश्न होता. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले. रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या नावाने ओळखला जाणारा हा निकाल १८ मार्च १९५४ रोजी लागला. न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग कायम ठेवला. न्यासांनी नोंदणी करावी, हिशेब द्यावेत, तपासणी होऊ द्यावी, यात धर्मस्वातंत्र्याचा भंग नाही आणि न्यासांकडून घेतली जाणारी वर्गणी हा कर नसून सेवेचे शुल्क आहे, असे ठरवले. पण काही कलमांना कात्री लावली. धार्मिक न्यासावर धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद रद्द झाली. एका धर्मकार्यासाठी दिलेला पैसा, तो हेतू अजून पार पाडता येत असतानाही, दुसऱ्याच कामाकडे वळवण्याचा अधिकारही गेला. कायद्याने कारभाराला शिस्त लावता येते, पण कारभार काढून घेता येत नाही, ही रेषा त्या निकालाने आखली. सत्तर वर्षे झाली तरी ती रेषा टिकून आहे आणि ती वाचली म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोटिशीची भीती अर्ध्याने कमी होते.

शेड्यूल वन आणि चेंज रिपोर्ट

संस्थेचा प्राण कुठे असतो, असे कोणी विचारले तर आम्ही आता शेड्यूल वनकडे बोट दाखवू. न्यासाचे नाव, पत्ता, विश्वस्तांची नावे, नवे विश्वस्त नेमण्याची पद्धत, जंगम व स्थावर मालमत्ता हे सारे त्यात नोंदलेले असते. यांपैकी कशातही बदल झाला की तो ९० दिवसांच्या आत कलम २२ प्रमाणे कळवावा लागतो. कायद्याच्या मराठीत त्याला बदल अहवाल म्हणतात, बोलण्यात चेंज रिपोर्ट. विश्वस्ताचे निधन झाले, राजीनामा आला, निवडणूक झाली, जमीन दान मिळाली, पत्ता बदलला, प्रत्येक वेळी हा अहवाल.

आपल्यासारख्या संस्थांत हे का राहून जाते, हे आम्हाला कपाटापुढे बसल्यावर समजले. संस्थापक पिढीतील माणसांनी पायपीट करून तांदूळ गोळा केला, मुलांना घरच्यासारखे जेवू घातले. कागद त्यांच्या लेखी दुय्यम होता. त्यांच्यापैकी एखाद्याचे निधन झाले की शोकसभा होत असे, फोटोला हार घातला जात असे, ठराव वहीत लिहिला जात असे. त्यांचे नाव सरकारी नोंदीतून कमी करायचे असते हे सुचणेही त्या वेळी कोणाला जड गेले असावे. पुढच्या निवडीचा अहवाल मग मागच्या निवडीच्या अहवालाशिवाय अडतो. एक कडी तुटली की साखळीतली पुढची प्रत्येक कडी लोंबकळू लागते.

याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. बँक सह्या बदलून देताना शेड्यूल वन मागते. अनुदानाच्या प्रस्तावाला ते जोडावे लागते. आमच्या परिचयाच्या एका संस्थेत सचिवांचे अकस्मात निधन झाले आणि खात्यावर पैसे असताना पाच महिने वसतिगृहाचा किराणा उधारीवर आणावा लागला. दुसऱ्या एका ठिकाणी त्याहून वाईट घडले. एकाच दिवशी दोन सभा झाल्या, दोन अध्यक्ष निवडले गेले, दोन शिक्के तयार झाले आणि दोन चेंज रिपोर्ट एकाच टेबलावर दाखल झाले. तिथल्या मुलांनी त्या वर्षी शाळेच्या दारावर दोन कुलुपे पाहिली.

चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत नव्या विश्वस्तांनी काय करायचे, हा प्रश्न नेहमी पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने चेंबूर-ट्रॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात त्याचे उत्तर दिले आहे. नियमानुसार निवड झाली की बदल त्याच क्षणी घडतो. कार्यालय त्या बदलाची पडताळणी करून नोंद घेते, त्याला जन्म देत नाही. म्हणून अहवाल प्रलंबित आहे एवढ्या कारणाने निवडून आलेल्यांचे हात बांधले जात नाहीत. हा निकाल दिलासा देणारा आहे, पण आमच्या मते तो अनेकांनी आळसाची सबब म्हणूनही वापरला. बदल घडला हे खरे, पण पुढे वाद झाला तर तो घडल्याचे सिद्ध कशाने करणार? सभेची सूचना सर्व सभासदांना पोहोचली होती का, गणपूर्ती होती का, इतिवृत्तावर सह्या आहेत का, हेच तिथे पाहिले जाते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावांतील बदलाला आधी तात्पुरती मान्यता देऊन हरकती मागवता येतात आणि ३० दिवसांत हरकत आली नाही तर ती मान्यता कायम होते. तेव्हा आता 'तारखांवर तारखा पडतात' हे उत्तर पूर्वीसारखे पुरणारे नाही.

आपल्या शाळेचे थकलेले अहवाल उशीर माफीच्या अर्जांसह दाखल झाले आहेत. पाच मृत्यू दाखले गोळा करायला आम्हाला सात महिने लागले.

दिली तरी दिली होत नाही

चुल्लवग्गाच्या सेनासनखंधकात संघाच्या मालकीच्या अशा पाच प्रकारच्या वस्तू सांगितल्या आहेत, ज्या कोणालाही देऊन टाकता येत नाहीत. आराम व आरामाची जागा, विहार व विहाराची जागा या त्यांत सर्वप्रथम येतात. त्यानंतर पलंग, बाज, गादी, उशी येतात, मग धातूची भांडी व हत्यारे, आणि शेवटी बांबू, गवत, माती यांपर्यंत यादी जाते. एका भिक्खूने नव्हे, भिक्खूंच्या गटाने नव्हे, संपूर्ण संघानेही त्या देऊ नयेत आणि दिल्या तरी त्या दिल्या असे होत नाही, असा तिथला नियम आहे. संघ म्हणजे आज हजर असलेलेच भिक्खू नव्हेत, पुढे येणारेही त्यात आहेत. म्हणून हजर असलेल्यांना ती वस्तू संपवण्याचा अधिकार पोहोचत नाही.

आमच्या अभ्यासात सर्वांत आश्चर्य वाटले ते इथे. १९५० च्या कायद्याचे कलम ३६ जवळजवळ याच वळणाचे आहे. न्यासाच्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल वा बक्षीस, शेतजमीन असेल तर दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन वा इमारत असेल तर तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा, हे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. सर्व विश्वस्तांनी एकमताने ठराव केला तरी नाही. दिली तरी दिली होत नाही. न्यासासाठी कर्ज काढतानाही पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी देताना आयुक्तांनी व्यवहार न्यासाच्या हिताचा, फायद्याचा आणि संरक्षणाचा आहे का, हे पाहायचे असते. २०१७ पासून अगदी अपवादात्मक परिस्थितीत व्यवहारानंतरही मंजुरी देता येते. पण त्यासाठी तातडी आणि निकड सिद्ध करावी लागते. या पळवाटेच्या भरवशावर कोणी राहू नये.

न्यायालयांचे या बाबतीतले सूर पाहण्यासारखे आहेत. १९८६ साली आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात, चेंचू रामी रेड्डी यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या मालमत्तेत समाजाच्या मोठ्या वर्गाचे हित गुंतलेले असते. म्हणून खास कारण नसेल तर ती जाहीर लिलावानेच विकावी. लोकांच्या नजरेआड, चार भिंतींत ठरलेला व्यवहार संशयाला जागा देतो. २००७ साली कोचीन देवस्वम मंडळासंबंधीच्या गोपालकृष्णन प्रकरणात न्यायालयाने तर आपल्या आजीच्या तोंडची म्हणच वापरली. कुंपणच शेत खाऊ लागले तर त्याचा कठोर समाचार घेतला पाहिजे, आणि अशा मालमत्तेचे रक्षण करणे हे न्यायालयाचेही कर्तव्य आहे, असे तो निकाल म्हणतो. शहरांच्या वेशीवर असलेल्या आपल्या अनेक संस्थांच्या जमिनींना आता कोट्यवधींचे भाव आले आहेत. 'बिल्डर नवी इमारत फुकट बांधून देतो, आपण फक्त रस्त्याकडेची बाजू द्यायची' असा प्रस्ताव घेऊन माणसे येतात आणि ती बहुधा आपल्याच ओळखीची असतात. अशा वेळी कलम ३६ वाचून दाखवावे.

आपल्या मैदानाची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे जमीन बाहेर गेलेली नाही, ती कायद्याच्या दृष्टीने अजून आत आलेलीच नाही. दात्याने भरसभेत दान जाहीर केले, टाळ्या झाल्या, साध्या कागदावर लिहून सही-अंगठा झाला. परंतु मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२३ सांगते की, स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र नोंदणीकृत असावे लागते, त्यावर दात्याची सही आणि किमान दोन साक्षीदार असावे लागतात. शेतजमीन बिगरशेतकरी संस्थेच्या नावे होताना कूळकायद्याखालील परवानगीचाही प्रश्न येतो. उषवदाताने निगमसभेत जाहीर केले आणि दप्तरातही नोंदवले. आपण जाहीर केले आणि तिथेच थांबलो.

उद्देशाचे कलम आणि पैशाची वाट

१९ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीचा निकाल दिला. सरन्यायाधीश उदय लळीत पीठावर होते, निकालपत्र न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी लिहिले. प्रश्न एका शब्दाचा होता. प्राप्तिकर कायद्याच्या कलम १० (२३ सी) मध्ये 'केवळ' शिक्षणासाठी असलेल्या संस्थेला करमाफी होती. पूर्वीच्या निकालांनी 'केवळ'चा अर्थ 'प्रामुख्याने' असा सैल केला होता. न्यायालयाने तो घट्ट केला. केवळ म्हणजे केवळ, आणि संस्थेचे सर्व उद्देश शिक्षणाशी निगडित असले पाहिजेत. हा अर्थ निकालाच्या तारखेपासून पुढे लागू केला.

आपल्या संस्थांच्या घटना लिहिणाऱ्यांनी उद्देशाच्या कलमात सारे जग भरून ठेवले आहे. शाळा, वसतिगृह, विहार बांधणे, सामुदायिक विवाह, पतपेढी, शेतीसुधारणा, नियतकालिक. उद्या अडायला नको, हा त्यामागचा भाबडा विचार. ज्या संस्थांनी 'केवळ शिक्षणसंस्था' म्हणून करमाफी घेतली, त्यांना हाच विचार नडला. ज्यांची नोंदणी धर्मादाय न्यास म्हणून कलम १२ अ-ब च्या मालिकेत आहे त्यांना अनेक धर्मादाय उद्देश ठेवता येतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या कलमाखाली नवे अर्ज घेणेही थांबले आणि सर्वांनाच त्या मालिकेकडे वळावे लागले. तरीही निकालातील विवेचन प्रत्येक शाळेने वाचावे असे आहे. पाठ्यपुस्तकांची विक्री, शाळेची बस, वसतिगृह या गोष्टी शिक्षणाला पूरक मानल्या गेल्या आहेत. आपल्यासारख्या निवासी शाळेला हा मोठा आधार आहे. पण शाळेची जागा बाहेरच्या संस्थेला तिचे वर्ग वा शिबिरे भरवायला दिली आणि त्यात बाहेरचे लोक दाखल झाले, तर ते उत्पन्न शिक्षणाचे मानता येणार नाही, असेही त्यात आहे. शाळेचे सभागृह सुट्टीत लग्नकार्याला भाड्याने द्यावे, ही सूचना गेल्या स्नेहमेळाव्यात आली होती. हेतू चांगला होता. त्यावर निर्णय घेण्यापूर्वी हा परिच्छेद विश्वस्तांपुढे ठेवावा, आणि असे कोणतेही उत्पन्न घेतलेच तर त्याची वेगळी हिशेबवही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

घटनेतील उद्देश बदलणे अशक्य नाही, परंतु ते अध्यक्षांच्या लेखणीने होत नाही. १८६० च्या कायद्याच्या कलम १२ नुसार त्यासाठी विशेष सभेत तीन-पंचमांश मते लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तेवढीच.

दानपेटीबद्दलही सांगितले पाहिजे. ज्या दानाच्या दात्याचे नाव-पत्ता संस्थेकडे नोंदलेला नाही ते निनावी दान. धर्मादाय संस्थेला मिळालेले असे दान एकूण दानाच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतील जी रक्कम मोठी असेल तिच्या पलीकडे गेले तर जादा रकमेवर ३० टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक न्यासाला हे लागू नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशा दोन्ही कामांच्या न्यासालाही सामान्यतः नाही, पण निनावी दान शाळेसाठी म्हणून दिले असेल तर सूट नाही. म्हणजे विहारातील पेटी आणि 'शाळा इमारत निधी' अशी पाटी लावलेली पेटी कायद्याला सारखी नाही. पौर्णिमेला पेटीशेजारी एक वही आणि पेन ठेवण्याने हा प्रश्न बराचसा सुटतो. आणि ज्यांना आयुष्यभराची ठेव द्यायची आहे त्यांनी 'ही रक्कम मूळ निधीत जमा करावी' असे लेखी द्यावे. आजच्या भाषेत यालाच कॉर्पस म्हणतात, उषवदाताच्या भाषेत अक्षयनिवि. २०२१ पासून असा निधी कायद्याने ठरवून दिलेल्या प्रकारांत आणि स्वतंत्रपणे गुंतवलेला ठेवावा लागतो. कलम ८० जी ची सवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देऊ नये.

परदेशी असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारणा होते. जो अजून भारताचा नागरिक आहे, त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी अंशदान मानले जात नाहीत. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याचे पैसे मात्र विदेशी अंशदान ठरतात. मग तो याच गावचा, याच वसतिगृहात वाढलेला असो. त्याच्या वा परदेशी बौद्ध मित्रांच्या देणगीसाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेच्या खात्यातच यावा लागतो. असा पैसा एका संस्थेने दुसरीकडे वळवणेही बंद झाले. नोएल हार्पर प्रकरणात ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या कायम केल्या. विदेशी देणगी घेणे हा निरपवाद हक्क नाही, असे सांगितले. पदाधिकाऱ्यांना ओळखीसाठी आधारऐवजी पारपत्र देण्याची मुभा तेवढी दिली. खेड्यातल्या लहान संस्थांना हा निकाल जाचक वाटतो आणि आम्हालाही तसेच वाटते. परंतु तो कायदा आहे. ओळखीच्या मोठ्या संस्थेच्या खात्यातून पैसा फिरवून आणण्याची जुनी युक्ती आता गुन्हा ठरेल.

अल्पसंख्याक दर्जाविषयी थोडक्यात. २३ ऑक्टोबर १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेने बौद्ध समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० चे संरक्षण आपल्या शाळांना मागता येते. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या अंजुमन इशात-ए-तालीम न्यासाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. त्यामुळे या दर्जावर फार मोठे मनोरे रचू नयेत. धर्मादाय कार्यालयाच्या हिशेबातून तो कोणालाही सोडवत नाही.

वाचकांचा अधिकार

शेवटी एक गोष्ट, जी आम्हालाही ठाऊक नव्हती. १९५० च्या कायद्यात 'हितसंबंध असलेली व्यक्ती' अशी संज्ञा आहे. तीत संस्थेचा सभासद येतो, तसाच न्यासाचा लाभ घेणाराही येतो. विश्वस्ताने सतत हिशेब दिले नाहीत, मालमत्तेचा गैरवापर केला किंवा कर्तव्यात कसूर केली तर कलम ४१ ड खाली त्याला दूर करण्याची मागणी अशा व्यक्तीला करता येते. दोन किंवा अधिक हितसंबंधी व्यक्तींना आयुक्तांच्या संमतीने दावाही लावता येतो. हा अधिकार मोलाचा आहे आणि तो जपून वापरावा. दहा वर्षे चाललेल्या दाव्यात जिंकलेली बाजूही शेवटी रिकाम्या वसतिगृहाच्या किल्ल्या हातात घेते, हे आम्ही पाहिले आहे. दावा लावण्याआधी वार्षिक सभेत उठून शेड्यूल वनचा ताजा उतारा आणि लेखापरीक्षकाचा अहवाल मागावा. बहुतेक वेळा तेवढे पुरते.

मैदानाच्या दात्याचे दोन नातू आपल्याच शाळेत शिकलेले आहेत. आजोबांनी दिलेले दान पुरे करायला त्यांनी तत्काळ होकार दिला. त्यांच्या आत्याची संमती घेण्यासाठी आमच्यापैकी दोघे गेल्या महिन्यात सुरतेला जाऊन आले. त्यांनी चहा करून दिला, वडिलांचा फोटो दाखवला आणि कागद ठेवून घेतले, थोरल्या मुलाला विचारून सांगते म्हणाल्या. बक्षीसपत्राचा मसुदा तयार आहे. १९८७ ते १९९४ या काळातील इतिवृत्ताची वही मात्र कपाटात नाही. दानाचा ठराव त्याच वहीत असावा. ज्यांचे वडील वा काका त्या वेळी कार्यकारिणीत होते, त्यांनी घरातील ट्रंका, माळे पाहावेत आणि वही, पावतीपुस्तके किंवा त्या सभेचा फोटो सापडल्यास मुख्याध्यापकांच्या कार्यालयात आणून द्यावा.